अर्थ लागायला झोप लागते

राऊ म्हटलं की पुण्याच्या पाहुण्यांचे डोळे चमकतात. त्यांना थोरला बाजीराव दिसतो, ना. सं. इनामदारांची कादंबरी आठवते आणि "अय्या, तुम्ही राऊला राहता?" असं विचारताना आवाजात शनिवारवाडा येतो. आमचं राऊ म्हणजे इंदूरहून महूला जाताना लागणारं गाव. रेल्वेचं लहानसं स्टेशन, बटाटे, बटाट्याच्या चिप्सचे कारखाने, टेकडीवर आयआयएम आणि पिथमपूरकडे निघालेले ट्रक. शिवाय मॅरेज गार्डनं. घोडे म्हणाल तर आहेत, पण ते मोहिमेवर निघत नाहीत. डीजेच्या मागे ताटकळत उभे असतात.

माझा सगळा जन्म राजेंद्रनगरात गेला. इंदूरमधली ही मराठी वस्ती, म्हणजे रात्री दहानंतर कुणाच्या घरात भांडं पडलं तर सकाळी सहा घरांतून चौकशी येते. निवृत्तीनंतर शांत झोप मिळावी म्हणून आम्ही राऊला फ्लॅट घेतला. दलालाने तो दाखवला दुपारी अडीच वाजता, चातुर्मासात. "एकदम शांत एरिया है भिया," असं तो म्हणाला आणि त्या घटकेला ते खरंही होतं. तुळशीचं लग्न लागलं आणि त्यानंतर बाकी सगळ्यांचीच लागली.

तरीही झोप ही माझी फार मोठी अडचण कधीच नव्हती. रात्री एक-दीडपर्यंत जागा राहतो याचा उलट थोडा अभिमानच होता. इंदूरकराला रात्री अकराला भूक लागणं हे आमच्याकडे आरोग्याचं लक्षण समजतात. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात गराडू तळले जातात. ज्या गावात बाजार मध्यरात्री जागा असतो, तिथल्या माणसाने साडेनऊला दिवा मालवणं म्हणजे गावाशी फितुरीच.

अडचण सुरू झाली ती नातीमुळे.

मुलगा स्टुटगार्टला असतो. नात पाच वर्षांची. आमच्याशी मराठी बोलते, पण तिच्या मनात काही खरं आलं की ते जर्मनमध्ये येतं. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे बघून ती काहीतरी म्हणाली आणि मुलगा-सून खो खो हसले. "काय म्हणाली रे?" मी विचारलं. "काही नाही बाबा." जगातल्या कुठल्याही भाषेतल्या वाक्याचं भाषांतर "काही नाही बाबा" असं होत असेल, तर ते वाक्य आपल्याबद्दलच असतं. त्या रात्री मी त्रेसष्टाव्या वर्षी जर्मनच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं.

शिकवणारी मुलगी पुण्याची. तिच्या वर्गात सांगलीची एक नर्स आणि साताऱ्याचे दोन आयटीआयवाले होते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केल्यापासून अशी मुलं जर्मनच्या मागे लागली आहेत. त्यांना तिकडे नोकरी हवी होती. मला फक्त आपल्याला काय नावं ठेवली जातात ते समजायला हवं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री आठ ते नऊ. कॅमेऱ्यात मी, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर वांग्या-बटाट्याच्या भाजीची तयारी करत आमची ही. फी एकाची, विद्यार्थी दोन.

मराठी माणसाला जर्मन सोपी जाईल असं मला वाटलं होतं, कारण तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. इंग्रजीवाले ज्याला घाबरतात ते आपण पाळण्यात शिकतो. पण लिंगं तीनच असली तरी वाटप वेगळं आहे. आपला सूर्य तिकडे बाई आहे. ओपा, म्हणजे आजोबा, तेवढे पुरुष राहिले. मुलगी नपुंसकलिंगी. (यावर ही म्हणाली, "आपल्याकडेही मुलीला 'ते कार्टं' म्हणतातच की.") आणि क्रियापदांचं म्हणाल तर पहिल्याच आठवड्यात दोन गळ्यात पडली: लेर्नन म्हणजे शिकणं, श्लाफन म्हणजे झोपणं. शिकणं सरळ चालतं. झोपण्याची गंमत अशी की मी झोपलो तर 'इश श्लाफं', पण दुसरा कुणी झोपला की स्वर बदलतो, 'एअर श्लेफ्ट'. हा 'आ'चा 'ए' माझ्याकडून तीन आठवडे झाला नाही. बाई दर वेळी प्रेमाने म्हणायच्या, "काका, तुम्ही झोपलात तर आ. दुसरं कुणी झोपलं तर ए." माझ्या घरात नेहमी दुसरंच कुणी झोपलेलं असतं, तेव्हा मला ए आधी यायला हवा होता.

वर्ग संपला की ही जेवण आटोपते, उरलेल्या दुधाला विरजण लावते आणि साडेनऊला आडवी होते. डोकं उशीला लागतं आणि झोप तिला लागते, या दोन घटनांच्या मध्ये एक शब्दही बोलायला जागा नसते. चाळीस वर्षांत आमची अनेक भांडणं या एका कारणाने अपुरी राहिली आहेत. मी मात्र वही काढायचो. चाळीस शब्द, एकेक दहा वेळा. अकराला चहा. मग वाटायचं, थोडं मोबाइलवर ऐकावं. जर्मन ऐकता ऐकता लता, लतावरून मदनमोहन, मदनमोहनवरून क्रिकेट, असा मी रात्री एकच्या सुमारास १९८३च्या वर्ल्डकपपाशी पोचायचो.

सकाळी भांडी लावताना ही सहज पुटपुटायची, "देअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर." चमचा तो, काटा ती, सुरी ते. एकही चूक नाही. मी वही उघडायचो तर रात्री दहा वेळा लिहिलेले शब्द दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिल्यासारखे अनोळखी नजरेने माझ्याकडे बघत असायचे.

"तू रात्री उठून अभ्यास करतेस का?" मी एकदा विचारलं.

"अहो, मी रात्री झोपते," ती म्हणाली. हा खुलासा आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

झोपेचा आणि शिकण्याचा संबंध काय यावर मी बरंच वाचलं आहे. हे सगळं वाचन रात्री बारा ते दोन या वेळात झालं, त्यामुळे त्यातलं किती डोक्यात राहिलं याची खात्री त्या वाचनानेच काढून घेतली. तरी सांगतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. पाठ करून झोपले तेव्हा बरंच आठवलं. पाठ करून दिवसभर जागे राहिले तेव्हा तेवढ्याच तासांत बरंच वाहून गेलं. म्हणजे जागेपणी आपण नुसतं जगत असतो असं नाही, विसरतही असतो. पुढे फ्रान्समध्ये काही लोकांना स्वाहिलीचे सोळा शब्द दिले. काहींनी सकाळी शिकून संध्याकाळी उजळणी केली, काहींनी संध्याकाळी शिकून, झोपून, सकाळी उजळणी केली. झोपणाऱ्यांना उजळणीला जवळजवळ निम्मेच कष्ट पडले, आणि सहा महिन्यांनीही त्यांच्याच लक्षात जास्त राहिलं. हे २०१६ साली छापून आलं. आमच्या घरात १९८५ पासून चालू आहे.

कारण असं सांगतात की दिवसाचे नवे शब्द मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या तात्पुरत्या गोदामात पडतात. गाढ झोपेत तो माल हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात, पक्क्या फळ्यांवर, जुन्या मालाशेजारी लावला जातो. मंडीत रात्री ट्रक रिकामे होतात तसंच. गिऱ्हाईक हटल्याशिवाय हमाल कामाला लागत नाहीत. मी रात्री दीडपर्यंत दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवत होतो, आणि तेही १९८३च्या वर्ल्डकपचं. वाईट बातमी अशी की वय वाढतं तशी ही गाढ झोप कमी होत जाते. म्हणजे साठीनंतर हमाल मुळातच थोडे, त्यांना मी चहा पाजून बसवून ठेवलेलं. चहाचंही गणित आहे: त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. अकराला एक कप घेतला तर पहाटे चार वाजता मी झोपेत अर्धा कप चहा पीतच असतो.

मग वाचनात झुरिकचा प्रयोग आला आणि मला वाटलं, सापडलं. तिथे जर्मन बोलणाऱ्या लोकांनी संध्याकाळी डच शब्द शिकले आणि रात्री गाढ झोपेत त्यातले काही शब्द त्यांना हलक्या आवाजात ऐकवले. सकाळी तेच शब्द जास्त आठवले. काहींना मुद्दाम जागं ठेवून हेच ऐकवलं, त्यांना फायदा शून्य. हे शेवटचं वाक्य मी रात्री पावणेदोनला वाचलं आणि दुर्लक्षिलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच आवाजात शब्द रेकॉर्ड केले आणि रात्री मोबाइल उशीखाली ठेवला. पहिली रात्र मी जागा राहिलो, कारण आपण झोपलो आहोत की नाही हे कुणीतरी बघायला हवं होतं. दुसऱ्या रात्री शेजारच्या गार्डनात वरात आली. डीजेपुढे 'दास ब्रोट' ऐकू येईना म्हणून मी आवाज वाढवला. साडेबाराला वरात अचानक थांबली, आणि त्या शांततेत माझ्या उशीखालून एक पुरुषी आवाज खणखणीतपणे म्हणाला, "इश हाबं हुंगर!" मला भूक लागली आहे.

ही ताडकन उठून बसली. "अहो, उठा! घरात कुणीतरी आहे!"

"माझाच आवाज आहे."

"मग त्यालाही झोपायला सांगा," असं म्हणून ती परत आडवी झाली आणि तिला लागलीसुद्धा.

स्वित्झर्लंडमध्येच, बर्नला, २०१९ साली आणखी पुढची मजल मारली गेली. झोपलेल्या माणसाला कधीच न ऐकलेले, मनाने बनवलेले शब्द अर्थासकट ऐकवले: गुगा म्हणजे हत्ती, असे. उठल्यावर त्यांना विचारलं, गुगा बुटाच्या खोक्यात मावेल का? निव्वळ अंदाजाने जितकं बरोबर यावं त्याहून थोडं जास्त बरोबर आलं. यावर माझा हिशेब असा की झोपेत शिकलेल्या जर्मनच्या जोरावर मी स्टुटगार्टच्या बेकरीत पाव मागू शकणार नाही. पण पाव बुटाच्या खोक्यात मावतो हे ठामपणे सांगू शकेन. अमेरिकेत गेल्या शतकात उशाशी वाजणारी यंत्रं याच आशेवर विकली गेली. १९५६ मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूच्या लहरी मोजून बघितलं, तेव्हा ज्यांना उत्तरं आली ते ऐकवताना जागेच होते असं निघालं. जे खरे झोपले होते ते प्रामाणिकपणे झोपले होते.

तेव्हा परदेश सोडून मी आपल्याकडे वळलो. मोठेपणी भाषा शिकलेला मराठी माणूस म्हणजे न्यायमूर्ती रानडे. १८८६ साली सरकारी कामासाठी ते कलकत्त्याला राहिले. वय चव्वेचाळीस, डोक्यावर देशाचा जमाखर्च. तिथे त्यांनी बंगाली शिकायला घेतली आणि गुरू केला दाढी करणारा न्हावी. गालावर साबण, हातात पुस्तक, अडलेला शब्द न्हाव्याला विचारायचा. रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये हे लिहून ठेवलं आहे. पण माझं लक्ष गेलं ते त्याच पुस्तकातल्या तुपाकडे. रात्री न्यायमूर्तींच्या तळपायाला तूप चोळलं जाई आणि मग त्यांना झोप लागे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बंगालीचं श्रेय सगळे न्हाव्याला देतात, तुपाला कुणी विचारत नाही.

मी हा विचार घरात मांडला. तुपाची वाटीही काढून ठेवली होती.

"रानड्यांचा न्हावी बंगाली शिकवायचा," ही म्हणाली. "तुम्ही राऊच्या सलूनमध्ये दोन दोन तास बसता, तिथून आजवर काय शिकून आलात? 'काय को टेंशन ले रिये हो.'" आणि वाटी उचलून तुपाच्या डब्यात परत ओतली. "पायाला तूप नको, पोटातला चहा बंद करा."

विनोबांचं नाव तर मी काढलंच नाही. ते १९६० साली इंदुरात मुक्कामाला होते, इथला विसर्जन आश्रम तेव्हाचा. वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या चारही भाषा एकदम शिकायला घेतलेला माणूस. पण पहाटेच्या अंधारात पदयात्रेला निघायचं म्हणजे आदल्या रात्री कितीला झोपायचं, हे उदाहरण माझ्या बाजूचं नव्हतं.

खरं तर उदाहरण घरातच होतं. माझी आई वाईहून लग्न होऊन इंदुरात आली तेव्हा तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. वर्ग नाही, वही नाही. दिवसभर भाजीवाली, दूधवाला, शेजारच्या मालवी काकी, आणि रात्री दमून पडली की मेल्यासारखी झोप. वर्षभराने एका रात्री ती झोपेतच मोठ्याने म्हणाली, "काय को इत्ता महँगा दे री हे बाई!" वडिलांनी सकाळी जाहीर केलं, ही आता इंदुरी झाली. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की कॅनडात ओटावाला विद्यार्थ्यांना सहा आठवडे फ्रेंचमध्ये बुडवून काढलं होतं. ज्यांची फ्रेंच सुधारली त्यांची स्वप्नांची झोप वाढलेली आढळली. वडिलांना हे भाजीवालीच्या भावावरून कळलं होतं. त्या शिक्षणाची किंमतही आम्ही मोजली म्हणा. आमच्या घरात वीज जात नाही, 'लाइट चालली जाते', आणि पुण्याच्या लग्नकार्यात आम्ही तोंड उघडलं की चुलत्यांची पोरं एकमेकांना कोपरं मारतात.

तर ती लाइट आषाढात चालली गेली. आधी देवशयनी एकादशी झाली. देव झोपले म्हणजे लग्नं बंद, लग्नं बंद म्हणजे गार्डनं बंद, आणि राऊत माणसांना झोपायची परवानगी मिळते. त्यात एका संध्याकाळी असा पाऊस कोसळला की ट्रान्सफॉर्मरने मान टाकली ती तीन दिवसांसाठी. वर्ग बुडाला नाही, हिच्या मोबाइलची उरलेली बॅटरी तासभर पुरली. पण नऊनंतर काळोख. वही दिसेना, मोबाइल मेलेला, अकराच्या चहाला दूध शोधायचं तर मेणबत्ती घेऊन हिडिंबेसारखं फिरावं लागलं असतं. काय करणार? झोपलो. साडेनऊला! इंदूरच्या नागरिकत्वाला जागलो नाही.

पहिल्या रात्री नुसता पडून होतो. छताकडे बघताना मराठीचा 'लागणे' हा शब्द डोक्यात घोळू लागला. झोप लागते, भूक लागते, ठेच लागते, दही लागतं, वेड लागतं आणि वाक्याचा अर्थ लागतो. यातलं एकही आपण करत नाही. 'मी झोप करतो' असं कुणी म्हणत नाही, आणि मी दोन महिने जर्मनचा अर्थ करत बसलो होतो. उठून हिला सांगावंसं वाटलं, पण 'एअर श्लेफ्ट'. बाईमाणूस असल्यामुळे 'झी श्लेफ्ट'. आणि ते 'ए' कुठूनही न शोधता आलं होतं.

दुसऱ्या रात्री झोप लागली. सकाळी कचऱ्याची गाडी आपलं स्वच्छतेचं गाणं वाजवत गल्लीत शिरली. एरवी मी तिला शिव्या घालत उशी कानावर ओढतो, कारण पहाटेच्या त्या तासांतच स्वप्नांची झोप जास्त असते आणि इंदूर स्वच्छतेत सलग पहिलं येण्याची किंमत माझी स्वप्नं मोजतात. त्या दिवशी मी गाडीच्या आधी जागा होतो. डबा घेऊन खाली गेलो. नाक्यावरच्या पोहेवाल्याने माझ्याकडे निरखून बघितलं आणि जिरावन भुरभुरत विचारलं, "क्या बात है भिया, आज मुँह धोके आए हो?" परत आलो तर ही दह्याच्या भांड्यावरचं झाकण काढत होती. घट्ट लागलं होतं. मी बोट लावून बघायला गेलो, तर हातावर चापट बसली. "रात्री पण सारखे जाऊन बघत होतात का? हलवलं की नासतं." तिला दह्याबद्दल म्हणायचं होतं. तिला नेहमी दह्याबद्दलच म्हणायचं असतं.

लाइट आली. मी मात्र साडेनऊची सवय सोडली नाही, निदान कार्तिकी एकादशीपर्यंत तरी. मित्रांनी सराफ्यातून फोन केले, मी ते सकाळी बघितले. वर्गात चमचा-काटा-सुरी मी एका दमात म्हटली तेव्हा साताऱ्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्याबाहेरून कुणीतरी "सुरी 'दास' म्हणालात ना?" असं तपासून घेतलं.

श्रावणातल्या रविवारी नेहमीचा कॉल आला. त्यांचे सकाळचे अकरा, म्हणजे आमचे अडीच. वरण-भात, पुरण, वर तूप (पोटात, पायाला नाही) आणि बाहेर रिमझिम. मुलगा पगाराच्या करांबद्दल काहीतरी समजावत होता. माझे डोळे कधी मिटले ते मला कळलं नाही. आवाज लांबून येत होते. कुकरची शिट्टी, पाऊस, कर. मग एक बारीक आवाज, पडद्याच्या अगदी जवळून, हसू दाबत:

"ओपा श्लेफ्ट!"

मुलगा-सून हसले. तेच हसणं, खो खो. मी डोळे उघडले नाहीत. मराठीत काही उलगडावं लागलं नाही, वही आठवली नाही. 'आ' की 'ए' असा प्रश्नही पडला नाही. म्हणजे इतके महिने ती हेच म्हणत होती! आता उठावं आणि तिला बिनचूक जर्मनमध्ये चकित करावं, असा मी विचार करत होतो, तेवढ्यात माझ्या शेजारून, मटारच्या टोपलीमागून, शांत आवाज आला:

"नाइन. ओपा लेर्न्ट."